चोंदणे, कोंडणे, अडकणे : डिझेल पिकअपचे निदान आणि मराठी क्रियापदे

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. रोगाचे मूळ कारण शोधणे हा त्याचा एक अर्थ, आणि ‘निदान एवढे तरी करा’ म्हणताना ‘कमीत कमी’ हा दुसरा. आयुर्वेदाने पहिल्या अर्थाची पद्धतशीर मांडणी केली आहे. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथामुळे परिचित असलेले निदानपंचक असे : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षण, उपशय म्हणजे करून पाहिलेल्या उपायाने आराम पडतो की नाही याची परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतची वाट. हे पंचक मी साहित्यशास्त्राच्या तासाला दृष्टान्त म्हणून अनेक वर्षे सांगत आलो. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र मला बेळगावातल्या एका गॅरेजमध्ये, एका डिझेल पिकअपच्या निमित्ताने कळला.

प्रस्तुत लेखात त्या पिकअपचा बिघाड कसा शोधला गेला ते क्रमाने सांगतो. गाडीला पुरेसे डिझेल का मिळत नाही, हे शोधण्याची रीत त्यातून वाचकाला समजावी, हा पहिला हेतू. मराठीतील तांत्रिक लेखनाला नामांइतकीच, किंबहुना जास्तच, अचूक क्रियापदांची गरज आहे, हे दाखवणे हा दुसरा.

१. घटना

माझे थोरले बंधू भाजीचा धंदा करतात. बेळगावातून भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे करत गोव्यात उतरायचे आणि परतताना नारळ घेऊन यायचे, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता गाडी परतीच्या चढाला त्रास देऊ लागली. केरी सोडून घाट लागला की वेग कमी होई, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नसे, पॅनलवर इंजिनाचा दिवा लागे आणि शेवटी इंजिन बंद पडे. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होई. सपाटीवर कसलीच तक्रार नाही.

दादांनी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तेथे स्कॅनर लावला. पडद्यावर ‘पी ००८७’ हा संकेत आला. रेलमधला इंधनदाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत मात्र दादांना सांगण्यात आले, “पंप गेलाय.” पंप बदलला. पुतणीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. गाडी चार दिवस बरी चालली आणि पाचव्या दिवशी त्याच घाटात तिने पुन्हा मान टाकली.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबायला हवे. ‘दाब कमी आहे’ हे लक्षणाचे वाक्य आहे, ‘पंप गेला आहे’ हे कारणाचे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना लक्षणाचे कारण झाले. रूपालाच संप्राप्ती समजले गेले. ही चूक यंत्राने केली नाही. ती वाक्याची चूक होती, आणि तिची किंमत एका कुटुंबाने भरली.

२. डिझेलची वाट

पुढचे समजण्यासाठी डिझेलची वाट माहीत हवी. टाकीच्या तळाशी एक नळी उतरलेली असते, तिच्या तोंडाशी जाळी असते. तेथून डिझेल पाइपाने फिल्टरकडे येते. फिल्टरपाशी पाणी वेगळे करण्याची सोय असते आणि बहुतेक गाड्यांत हाताने दाबायचा छोटा पंप असतो. त्याला गॅरेजात ‘हातपंप’ म्हणतात. फिल्टरमधून डिझेल मोठ्या दाबाच्या पंपात जाते, तेथून ‘कॉमन रेल’ या जाड नळीत साठते आणि इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये फवारले जाते. उरलेले डिझेल रिटर्नच्या पाइपाने टाकीकडे परतते.

या वाटेचे दोन भाग पडतात. टाकीपासून पंपापर्यंत ओढीचा भाग, पंपापासून इंजेक्टरपर्यंत दाबाचा भाग. काही गाड्यांत टाकीतच विजेवर चालणारा पंप असतो आणि तो डिझेल पुढे ढकलतो. दादांच्या गाडीत तशी सोय नव्हती. तेथे पंपालाच टाकीतून डिझेल ओढून घ्यावे लागे. ज्याला मिळतच नाही तो पुढे देणार काय? रेलमधला दाब कमी झाला म्हणजे पंपच वाईट, असे म्हणूनच ठरत नाही.

ओढ आणि दाब यांतला हा फरक गळतीच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. दाबाच्या भागात फट पडली तर डिझेल बाहेर येते आणि दिसते. ओढीच्या भागात फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. जमिनीवर थेंब नाही म्हणजे गळती नाही, हा तर्क येथे फसतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले तेव्हा त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत फुंकले जात असे. आजच्या इंजिनात इंधनाच्या नळीत शिरलेली थोडीशी हवाही गाडी बंद पाडते.

३. प्रश्नांचा क्रम

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मी दादांबरोबर होतो. खानापूर रस्त्यावरच्या एका मेस्त्रींना मीच फोन लावला आणि म्हणालो, “गाडी बंद पडली.” पलीकडून प्रश्न आला, “सर, एकदम बंद झाली की मान टाकत टाकत गेली?” मला उत्तर देता येईना. मराठीचा प्राध्यापक असून मी मोघम वाक्य बोललो होतो.

गाडी गॅरेजात आल्यावर मेस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. त्या प्रश्नांमागचा विचार असा :

एकदम, दिव्याचे बटण बंद करावे तशी गाडी बंद झाली, तर आधी वायर, रिले, सेन्सर पाहावेत. ओढ कमी होत होत बंद झाली, तर इंधनाची वाट पाहावी.

धूर कसा होता? चढाला काळा धूर येत असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे, म्हणून एअर फिल्टरपासून सुरुवात करावी. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी पोहोचते आहे. सुरू करताना स्टार्टर जोमात फिरतो पण सायलेन्सरमधून काहीच येत नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल गेलेलेच नाही. पांढरा, डिझेलचा वास असलेला धूर आला, तर डिझेल गेले आहे पण पेटत नाही. मग वाट सोडून कॉम्प्रेशन, थंडी, फवारणीची वेळ यांच्याकडे वळावे.

त्रास केव्हा होतो? रात्रभर उभ्या गाडीला सकाळी त्रास होत असेल तर हवा शिरून डिझेल मागे उतरले असण्याचा संभव जास्त. भार पडल्यावर, चढाला होत असेल तर वाट अरुंद झाली आहे. नुसत्या उभ्या इंजिनाला थोडेच डिझेल लागते, तेवढे अरुंद वाटेनेही मिळते.

मग मेस्त्रींनी तो प्रश्न विचारला, ज्यावर सगळे ठरणार होते. “थांबल्यावर आपसूक चालू होतीय की हातपंप मारावा लागतोय?”

“आपसूक,” दादा म्हणाले. “दहा मिनिटं थांबलो की जणू काही झालंच नाही.”

“मग हवा नव्हे. हवा धरली असती तर पंप मारल्याशिवाय हलली नसती. आणि फिल्टर चोंदला असता तर थांबून बरा झाला नसता. काहीतरी अडकतंय आणि सुटतंय.”

४. पाच क्रियापदे, पाच परीक्षा

मेस्त्रींच्या या चार वाक्यांत या लेखाचे सार आहे. ‘इंधन पुरवठ्यात अडथळा निर्माण होणे’ हे छापील मराठी या तिन्ही प्रसंगांना लागू पडते आणि म्हणूनच कोणत्याही एका प्रसंगी उपयोगी पडत नाही. बोलीतली क्रियापदे मात्र प्रत्येक बिघाडाला त्याच्या स्वभावाने ओळखतात. मेस्त्रींच्या तोंडून ऐकलेली क्रियापदे त्यांच्या परीक्षांसह मांडतो.

चोंदणे. सर्दीने नाक चोंदते तसा फिल्टर चोंदतो. बारीक छिद्रे हळूहळू भरत जातात. हा बिघाड दिवसेंदिवस वाढतो आणि विश्रांतीने जात नाही. परीक्षा : आधी फिल्टरखालचा स्क्रू सोडून साठलेले पाणी व गाळ काढावा, मग फिल्टर बदलावा. पाणी फार निघाले तर फिल्टर बदलून भागत नाही, टाकी पाहावी लागते.

कोंडणे. टाकीतले डिझेल कमी होते तशी वरून हवा आत यावी लागते. झाकणाची किंवा टाकीची हवा येण्याची वाट बंद झाली तर आत निर्वात तयार होतो आणि टाकी डिझेल सोडत नाही. “टाकी कोंडलीय,” असे मेस्त्री म्हणतात. परीक्षा सर्वांत सोपी व फुकटची : गाडीने मान टाकताच झाकण उघडावे. सूं असा आवाज येऊन हवा आत गेली आणि इंजिन लगेच सावरले, तर निदान झाले.

धरणे. लोखंड गंज धरते, मूल बाळसे धरते, तशी नळी हवा धरते. सैल क्लिप, तडकलेला रबरी पाइप, एकदा वापरून पुन्हा घातलेला तांब्याचा वायसर, ही नेहमीची ठिकाणे. परीक्षा : फिल्टरच्या पुढे-मागे थोडी पारदर्शक नळी बसवून पाहावे. डिझेलबरोबर बुडबुडे पळताना दिसले तर त्या नळीच्या मागे, टाकीच्या बाजूला कोठेतरी फट आहे. मग नळी एकेक सांधा मागे नेत जावी.

मिटणे. जुन्या रबरी पाइपाचा आतला थर सुटतो. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो, पण ओढ वाढली की आतून मिटतो, ओढ थांबली की उघडतो. परीक्षा : पाइप दाबून, वाकवून पाहावा. मऊ पडलेला किंवा फुगलेला असेल तर बदलूनच खात्री करावी.

अडकणे. टाकीतली एखादी वस्तू ओढीबरोबर जाळीपाशी येते आणि तिला चिकटते. इंजिन बंद झाले की ओढ थांबते, वस्तू सुटून तळाशी जाते आणि गाडी पुन्हा चालते. परीक्षा : पाइप फिल्टरपाशी सोडून टाकीच्या दिशेने, झाकण उघडे ठेवून, हलकी हवा मारावी. गाडी काही अंतर उत्तम चालून पुन्हा तशीच झाली तर वस्तू टाकीतच आहे.

‘चढणे’ आणि ‘उतरणे’ ही जोडीही लक्षात घ्यावी. ताप चढतो व उतरतो, तसे डिझेल चढते व उतरते. “डिझेल चढत नाही” म्हणजे ते पंपापर्यंत येत नाही, “डिझेल उतरतंय” म्हणजे उभ्या गाडीत ते टाकीकडे परत जाते आहे. पहिल्या वाक्यात वाट बंद असल्याची शंका आहे, दुसऱ्यात ती उघडी पडल्याची. दोन्ही गाड्या सुरू होत नाहीत, पण उपचार परस्परविरुद्ध आहेत.

५. उपशय

अंदाज बांधून झाला तरी मेस्त्रींनी टाकी लगेच उतरवली नाही. त्यांनी पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेतले, सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर कॅन घट्ट बांधला, फिल्टरकडे येणारा पाइप टाकीऐवजी त्यात सोडला आणि रिटर्नही त्याच कॅनमध्ये दिला. नारळ भरलेलीच गाडी घेऊन आम्ही जवळच्या चढावर चार फेऱ्या मारल्या. गाडीने एकदाही मान टाकली नाही, दिवाही लागला नाही.

याला उपशय म्हणतात. बिघाड कॅनच्या पुढे असता तर कॅनमधले डिझेलही उपयोगी पडले नसते. गाडी बरी चालली म्हणजे फिल्टर, पंप, रेल, इंजेक्टर हे सगळे निर्दोष. दोष मागे, टाकीत किंवा टाकीपासून येणाऱ्या नळीत. एका कॅनने अर्धी वाट संशयातून मुक्त केली. ही परीक्षा नवा पंप घेण्याआधी झाली असती तर पुतणीचे पैसे वाचले असते.

मी विचारले, “मग स्कॅनर चुकला?”

“स्कॅनर कशाला चुकंल, सर? दाब कमी होता, ते त्यानं सांगितलं. कोड म्हणजे तक्रार हो, निकाल नव्हे.”

उपशयाचा नियम असा की स्वस्त आणि मागे फिरता येण्याजोगी परीक्षा आधी, महाग आणि कायमची नंतर. झाकण उघडणे, पाणी काढणे, फिल्टर, पारदर्शक नळी, कॅन, आणि एवढ्यावर काही सापडले नाही तरच दाबाची मोजणी. इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असतील तरीही रेलमध्ये दाब टिकत नाही. त्यासाठी प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावून ठरावीक वेळात किती डिझेल जमते याची तुलना करतात. एखादी बाटली इतरांपेक्षा खूप भरली तर तो इंजेक्टर संशयित. पंप बदलण्याचा निर्णय या सगळ्यानंतरचा.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. जुन्या इंजिनांत हवा काढण्यासाठी इंजेक्टरजवळचे नट सैल करून स्टार्टर मारत असत. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा दाबाच्या बाजूचा नट सैल करणे हे जिवाशी खेळणे आहे. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते. ‘एअर काढ’ ही आज्ञा दोन्ही काळांत एकच राहिली, तिच्या पोटातली कृती मात्र बदलली. शब्द तोच आणि क्रिया वेगळी, असा हा प्रसंग आहे. शिकाऊ मुलाला ‘कोठून काढ’ हे सांगितले नाही तर त्याचा हात जाऊ शकतो.

६. कारण

टाकी उतरवण्याआधी मेस्त्रींनी दादांना शेवटचा प्रश्न विचारला, “कधी कॅननं डिझेल घातलं होतं?”

दादा आठवू लागले. गेल्या पावसाळ्यात कणकुंबीच्या अलीकडे डिझेल संपले होते. रात्र होती, पाऊस होता. दुसऱ्या एका गाडीवाल्याने कॅन दिला. नरसाळे नव्हते.

“कॅनच्या तोंडाला काय गुंडाळलं होतं?”

“फडकं.”

टाकीत तळहाताएवढा कापडाचा तुकडा निघाला. डिझेलने काळा पडून तो बुळबुळीत झाला होता. पंप बदलल्यावर चार दिवस गाडी का चालली, याचाही उलगडा झाला. कामाच्या वेळी पाइप सोडले गेले, फडके जाळीपासून सुटले आणि टाकीच्या कोपऱ्यात गेले. भर चढाला ओढ वाढून ते पुन्हा जाळीपाशी येईपर्यंत सर्वांना वाटले की औषध लागू पडले. उपशयालाही काळ द्यावा लागतो, हा त्यातला धडा.

निदानपंचकातले ‘निदान’, म्हणजे मूळ कारण, असे सर्वांत शेवटी हाती आले. ते गाडीत सापडले, पण त्याआधी ते दादांच्या आठवणीत होते. वर्कशॉपमध्ये तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

७. निष्कर्ष आणि वर्गासाठी पाठ

या गॅरेजात सुट्या भागांची नावे जवळपास सगळी बाहेरून आलेली आहेत : पंप, रेल, नोझल, क्लिप, वायसर. मेस्त्री गिऱ्हाइकाप्रमाणे मराठी, कन्नड आणि दखनी बोलतात, पण ही नावे तिन्ही भाषांत तीच राहतात. वस्तू आपल्याबरोबर नाव घेऊन आली, याचा खेद मानण्याचे कारण नाही. वस्तूचे वागणे मात्र आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो आणि ते सांगणारी क्रियापदे आपली आहेत. परिभाषा घडवताना आपण नामांना प्रतिशब्द देण्यात शक्ती खर्च केली आणि चोंदणे, कोंडणे, मिटणे यांना ‘अडथळा निर्माण होणे’ या एकाच पोत्यात भरले. तांत्रिक मराठी अवघड वाटते ते बहुतेक वेळा यामुळे.

यंत्र आणि मराठी लेखन यांची फारकत आपल्या भागात पूर्वीपासूनची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून झाली, आणि पुढे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मराठी नियतकालिक निघाले. कारखाना आणि छापील मराठी एका अंगणात नांदू शकतात, याचा तो पुरावा आहे.

शिक्षकांसाठी तीन पाठ सुचवतो. पहिला : विद्यार्थ्यांना घरातली एखादी बिघडलेली वस्तू घेऊन दोन स्तंभांत लिहायला सांगावे, एकात फक्त ‘काय दिसले’, दुसऱ्यात ‘का झाले असावे’. पहिल्या स्तंभात ‘खराब’, ‘गेला’, ‘बिघाड’ हे शब्द वर्ज्य. दुसरा : प्रत्येकाने एका कारागिराकडे जाऊन दहा क्रियापदे गोळा करावीत आणि प्रत्येकाची परीक्षा लिहून आणावी. शिंपी, गवंडी, पंपदुरुस्तीवाला, कोणीही चालेल. परीक्षा सांगता आली नाही तर अर्थ कळलेला नाही असे समजावे. तिसरा : एखाद्या यंत्राच्या छापील मराठी सूचनापत्रातले ‘व्यत्यय’, ‘अडथळा’, ‘समस्या’ हे शब्द काढून तेथे नेमके क्रियापद घालावे. कोठे घालता येत नाही तेही नोंदवावे, कारण तेथे लेखकालाच माहिती नव्हती असा संभव असतो.

दादांच्या जुन्या पंपात काही दोष नव्हता, पण तो परत मिळाला नाही. पैसेही परत आले नाहीत. पुतणीचा प्रवेश एक वर्ष लांबला. ती यंदा प्रथम वर्षाला आहे. गाडीत आता एक नरसाळे कायम असते. परवा चढाला गाडी जरा जड वाटली तेव्हा दादांनी मेस्त्रींना फोन लावला. “बिघडलीय” असे ते म्हणाले नाहीत. “चढाला ओढ कमी, धूर काळा, थांबून फरक नाही,” एवढे त्यांनी सांगितले. मेस्त्रींनी फोनवरच एअर फिल्टर झाडून पाहायला सांगितला.